अदिती दाराशी थांबते

सोमवार, १० एप्रिल २००६. अड्यार, चेन्नई

काल सकाळी पोचले. गाडी अडीच तास उशिरा. मुलगा गिरीधर स्टेशनवर आला होता. त्याचं वजन वाढलं आहे, सुनेचं, रुचिराचं, घटलं आहे. नातीने माझ्याकडे पाहिलं नाही. माझा पदर हातात घेतला, हुंगला, सोडून दिला आणि निघून गेली. पसंत पडले की नाही, कळलं नाही.

कशासाठी आले ते आधी लिहून ठेवते. अदिती सव्वापाच वर्षांची आहे. स्वमग्न आहे, हे डॉक्टरांनी सांगून तीन वर्षं झाली. बोलते दहा-बारा शब्द. इथल्या एका विशेष शाळेत तिला जागा मिळाली आहे. शाळा १२ जूनला उघडते. अट एकच: मूल शाळेच्या संडासात जायला तयार हवं. डायपर घातलेलं मूल घेत नाहीत. वर्गात बारा मुलं आणि दोनच बाई, तेव्हा अट गैर म्हणवत नाही. जागा गेली तर वर्षभर काही नाही. रुचिराच्या कंपनीनेही तिला परत घ्यायचं कबूल केलं आहे ते जूनपर्यंतच. दोन वर्षं ती या घरात अडकली आहे.

सध्याची परिस्थिती: अंघोळ आवडते. बादलीत मग बुडवत तासभर बाथरूममध्ये बसते. शू कधी तिथेच, कधी डायपरमध्ये. पण कमोडवर बसत नाही. शी फक्त डायपरमध्ये, दुपारी चारच्या सुमारास, हॉलच्या पडद्यामागे उभी राहून. पाच वर्षं हे चालवून घेतलं गेलं.

मी एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. एकशे ऐंशी मुली, बावीस संडास, आणि माझ्या काळात एकदाही साथ आली नाही. एका मुलीला वळण लावणं जड जाऊ नये.

बाथरूम पाहिलं. रुचिरा नुसत्या साबणाच्या पाण्याने धुते. खालच्या दुकानातून फिनेलचा पाच लिटरचा कॅन आणवला.

बुधवार, १२ एप्रिल

वेळापत्रक भिंतीवर लावलं. पाच वाजता मी उठून बाथरूम धुते: दोन झाकणं फिनेल कमोडभोवती, दोन फरशीवर, एक दाराच्या चौकटीला. काथ्याने घासून. सहाला अदितीला उठवणं, कमोडवर बसवणं, दहा मिनिटं. पुन्हा साडेअकराला, पुन्हा चारला.

भांडीवाली अलमेलू बाथरूमवरून जाताना तोंडाला पदर लावून गेली आणि रुचिराला तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. दोघी हसल्या.

"काय म्हणते ती?"

"काही नाही, आई. घर आस्पत्रीसारखं, हॉस्पिटलसारखं झालंय म्हणते."

"मग चांगलं झालं म्हणायचं."

पगार फुकट घेणाऱ्यातली ही बाई नाही, एवढं मात्र दिसतं. भांडी लखलखीत घासते.

शुक्रवार, १४ एप्रिल

इथलं नवं वर्ष. शेजारून पायसम आलं.

अदिती आता अंघोळीलाही येईना. दारापर्यंत येते, थांबते, मान एका बाजूला करते आणि उलट फिरते. परवापर्यंत इथेच तासतास बसणारी मुलगी. नवीन माणूस आलं की मुलं परीक्षा घेतात. वसतिगृहात प्रत्येक जूनमध्ये पाहिलं आहे. आपण हललो नाही की तीच हलतात.

रुचिराने तिला बाल्कनीत बादली ठेवून अंघोळ घातली. मी काही बोलले नाही. म्हणजे थोडं बोलले.

सोमवार, १७ एप्रिल

आजपासून डायपर बंद. सगळी पाकिटं माळ्यावर टाकली. रुचिरा म्हणाली, "आई, डॉक्टरांना विचारू या का आधी?" मी म्हटलं, गरज पडली की माणूस आपोआप जागा शोधतं. गिरीधर कंपनीच्या बसला निघाला होता (साडेसहाची बस, इरुंगाट्टुकोट्टैपर्यंत, तिथे गाड्यांचे सुटे भाग करतात). चपला घालता घालता म्हणाला, "आई, तू समोर उभी असलीस की लहानपणी मलाही व्हायची नाही." मी लक्ष दिलं नाही.

बुधवार, १९ एप्रिल

नाही.

बाथरूम आज दोनदा धुतलं. घाण असेल म्हणून जात नसेल, असंही असू शकतं. मुलं काही वेळा आपल्यापेक्षा स्वच्छ असतात.

मी धुतल्यावर अर्ध्या तासाने रुचिरा दोन बादल्या पाणी ओतून तेच पुन्हा धुते आणि खिडकी सताड उघडते. या शहरात पाण्याचा टँकर मागवावा लागतो आणि ही अशी उधळपट्टी. विचारलं तर म्हणाली, "फरशी निसरडी होते, आई."

शनिवार, २२ एप्रिल

सहावा दिवस. हे पान लिहायला नको वाटतं, म्हणूनच लिहिते.

पोट दगडासारखं झालं होतं. ती चवड्यांवर चालत होती, पाय एकमेकांत अडकवून सोफ्याला धरून उभी राहायची, कपाळावर घाम. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. रुचिराने रिक्षा आणली. डॉक्टर तरुण बाई, तिशीच्या. त्यांनी एनिमा दिला. पाऊण तास मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि आतून अदितीचा आवाज येत होता. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच तो ऐकत होते.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "डायपर कोणी बंद केलं?"

रुचिरा म्हणाली, "आम्ही ठरवून केलं."

मी म्हटलं, "मी केलं."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं. म्हणाल्या, "पाट्टी, हे मूल हट्ट करत नाहीये. घाबरलंय. दुखतं म्हणून धरून ठेवतं, धरून ठेवलं की आणखी दुखतं." पाट्टी म्हणजे आजी. पातळ करण्याचं औषध दिलं, महिनाभर. डायपर परत सुरू.

रुचिरा खोटं का बोलली? 'आम्ही' म्हणायची काहीच गरज नव्हती. घरी आल्यावर मी स्टूल घेऊन माळ्यावरची पाकिटं स्वतः खाली काढली.

बुधवार, २६ एप्रिल

औषधाचा गुण आहे. पडद्यामागे, चार वाजता, रोज. सुटका वाटली. सुटका वाटावी ही माझ्या कामाची केवढी नामुष्की!

आज एक पाहिलं. सगळ्यांचे धुतलेले कपडे मी सोफ्यावर ढीग करून ठेवले होते. इस्त्रीवाला चुकून दुसऱ्या घरचे चार कपडे त्यात टाकून गेला होता, ते मला माहीत नव्हतं. अदिती आली. एकेक कपडा उचलायची, नाकाला लावायची आणि ठेवायची. चार ढीग केले: बापाचे, आईचे, तिचे, माझे. परके चार कपडे पाचव्या जागी, दाराजवळ, जमिनीवर. धुतलेले, इस्त्री केलेले कपडे! एकही चूक नाही. गिरीधरचे आणि माझे पांढरे रुमाल एकाच दुकानातले, एकाच मापाचे. तेही वेगळे.

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. प्रयोगशाळेत वासावरून क्षार ओळखण्यात मी वर्गात पहिली होते. तेही अर्ध्या चमच्याइतका क्षार तापवून. सायनसच्या ऑपरेशनानंतर माझं नाक गेलंच. दूध करपलं तरी मला कोणीतरी सांगावं लागतं. पण नाक शाबूत असतानाही मला हे जमलं नसतं. या मुलीला शाळेची परीक्षा देता येणार नाही असं म्हणणाऱ्यांनी हा ढीग पाहावा.

इस्त्रीवाल्याला परत बोलावून कपडे दिले. तो अदितीकडे पाहून हात जोडून गेला.

शनिवार, २९ एप्रिल

शाळेकडून सरोजाबाई आल्या. नव्या मुलांच्या घरी त्या आधी येऊन बघतात. पन्नाशीच्या, जाड चष्मा, सुती साडी, पायांत रबरी चपला. मला आधी तमिळच वाटल्या. मग म्हणाल्या, "मी पण मराठीच, अम्मा. तंजावूरचे. आमचे वाडवडील तीनशें वर्षां आधी आलेत. तुमचें मराठी मात्र फार फास्ट." त्यांचे शब्द जुन्या कागदपत्रांतल्यासारखे आणि चाल तमिळची. दोनदा ऐकलं की कळतं.

मला त्यांची पद्धत पटली नाही. बाथरूमच्या दारात दोन मिनिटं उभ्या राहिल्या, आत गेल्या, बाहेर आल्या, चष्मा पुसला. मी विचारलं, "काय वाटतं?"

"मला वाटतें तें मी सांगणार नाही."

"मग आलात कशाला?"

"वही द्यायला." आणि खरंच पिशवीतून दोनशे पानी वही काढली. घरात सकाळपासून कोण काय करतं आणि अदिती काय करते, सगळं वेळेसकट लिहायचं. गाळायचं काही नाही. दोन आठवडे. "तुम्ही लिहा, अम्मा. तुमचें अक्षर वळणाचें असणार."

एवढ्या शिकलेल्या बाई दोन आठवडे नुसतं लिहायला सांगतात, आणि शाळा सहा आठवड्यांवर! मी तसं बोलून दाखवलं.

"सरि," त्या म्हणाल्या. म्हणजे 'बरं'. आणि चहा न घेता गेल्या.

गुरुवार, ४ मे

कत्तिरी सुरू झाली. इथले लोक या पंचवीस दिवसांच्या उन्हाला नाव देऊन त्याच्याबद्दल पाहुण्यासारखं बोलतात.

वही चोख चालली आहे. पाच वाजल्यापासून नोंदी. अदिती दाराशी येते, थांबते, जाते. आज दारापासून आणखी दोन फूट मागे थांबली. उन्हामुळे मी फिनेल वाढवलं आहे, माशा नकोत.

रविवार, ७ मे

ताप. काल आणि आज अंथरुणात. वही रुचिराने लिहिली. अक्षर चांगलं आहे, मला माहीत नव्हतं. माझ्या गैरहजेरीत अदितीने आज बाथरूममध्ये जाऊन अंघोळ केली म्हणे. नळाशी अर्धा तास बसली. मी उठले की बंद. माझ्याशीच वैर आहे पोरीचं.

हे लिहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ताप असेल.

मंगळवार, ९ मे

उठले. काल मतदानाची सुट्टी, गिरीधर घरी. आज बाथरूमची तीन दिवसांची कसर काढली. अदिती हॉलच्या दारापर्यंतच आली.

शनिवार, १३ मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सरोजाबाई साडेदहाला आल्या. मी वही पुढे केली. त्यांनी ती माझ्याकडेच सरकवली. "वाचा, अम्मा. मोठ्यानें."

"तुम्हीच वाचा ना."

"मला मराठी लिहिलेलें नीट येत नाही. घरीं बोलतों, लिहितों तमिळ." हे खरं असेल किंवा नसेल.

मी वाचायला लागले. रविवार, तीस एप्रिल. पाच वाजता बाथरूम, फिनेल, पाच झाकणं. सहा वाजता अदिती दाराशी, आत नाही. साडेअकरा, नाही. सोमवार, पाच वाजता फिनेल, पाच झाकणं. सहा, दाराशी, आत नाही. मंगळवार तेच. बुधवार तेच. गुरुवार फिनेल, आठ झाकणं. अदिती दोन फूट मागे. शुक्रवार, आठ. आणखी मागे. मग रुचिराचं अक्षर आलं. शनिवार: आईंना ताप, बाथरूम साध्या पाण्याने. अदिती दारात बसली, दहा मिनिटं. रविवार: साधं पाणी. अदिती आत, नळाशी, अर्धा तास. सोमवार: साधं पाणी, अदिती आत. मंगळवार, पुन्हा माझं अक्षर. फिनेल, दहा झाकणं...

तिथे मी थांबले.

  अलमेलू स्वयंपाकघराच्या दारात ताट पुसत उभी होती, तिला मराठी कळत नाही. पण तिनेही ताट पुसणं थांबवलं.

माझी वही. माझं अक्षर. वेळेसकट.

सरोजाबाई म्हणाल्या, "माझा मुलगा अमरसिंह आज बावीसचा आहे. त्याला लाल बादली नको होती. मला चार वर्षें कळेना. मी त्याला मारलें सुद्धा, अम्मा. तुम्ही दोन आठवड्यांत वाचलें." आणि मग, "परवायिल्लै." काही हरकत नाही, असा अर्थ.

हरकत आहे. बाई चांगल्या आहेत म्हणून तसं म्हणाल्या.

कपड्यांचा ढीग मी इथेच, याच सोफ्यावर पाहिला होता. चार पानं मागे मी तो लिहूनही ठेवला आहे. बी.एस्सी., पहिला वर्ग.

संध्याकाळी रुचिरा भाजी निवडत होती. मी म्हटलं, "तुला कळलं होतं."

तिने वर पाहिलं नाही. "शंका होती. खात्री नव्हती."

"म्हणून पाणी ओतत होतीस."

"हो."

"सांगितलं का नाहीस?"

तिने आणखी एका गवारीची शीर काढली. "तुम्ही आल्यापासून मी रोज दुपारी एक तास झोपते, आई. तीन वर्षांनी. तुम्हाला वाईट वाटलं असतं आणि तुम्ही परत गेला असतात तर..." मग, "आणि ते सहा दिवस मी तुम्हाला अडवायला हवं होतं. ती चूक माझी."

हे मला ऐकवत नव्हतं. मी उठून कॅन खाली नेला आणि वॉचमनला दिला. तीन लिटर शिल्लक होतं.

बुधवार, १७ मे

सरोजाबाईंची पद्धत आता मला पूर्ण पटली आहे. लिहून ठेवते, कारण पायरी चुकली तर सगळं ढासळतं.

डायपर काढायचं नाही. त्याची जागा बदलायची. पडद्यामागून पॅसेज. पॅसेजमधून बाथरूमचं दार. दारातून आत. आतून कमोडवर, झाकण बंद, डायपर घालूनच. मग झाकण उघडं, डायपर घालूनच. मग डायपरला भोक. भोक रोज मोठं. शेवटी डायपर म्हणजे कमरेचा पट्टा उरतो. कुठेही ती मागे गेली की आपणही एक पायरी मागे. घाई नाही, शाबासकीचा आरडाओरडा नाही. पायाखाली पाट, म्हणजे पाय लोंबकळत नाहीत. "पाय लोंबले तर तुम्हाला तरी होईल काय, अम्मा?" हे मला एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं.

आज: पडदा आम्ही काढून पॅसेजमध्ये टांगला. अदितीने तो हुंगला आणि पडद्याच्या मागे पॅसेजमध्ये उभी राहिली. चार वाजून पाच.

मंगळवार, २३ मे

बाथरूममध्ये. उभी राहून, पडदा सोबत. मी बाहेर जमिनीवर बसून वाटाणे सोलत होते, वर पाहिलं नाही. सोललेल्या वाटाण्यांपैकी निम्मे खाली सांडले.

रविवार, २८ मे

कमोडवर बसली, झाकण बंद, पाय पाटावर. कत्तिरी आज संपली असं गिरीधर म्हणतो. थंड वगैरे काही झालं नाही. त्याने सुट्टीचा दिवस म्हणून मुलीच्या शेजारी बाथरूमच्या फरशीवर बसून वर्तमानपत्र वाचलं. इंजिनीअर माणूस. छान दिसत होता.

बुधवार, ३१ मे

कात्री माझ्याकडे आहे. काल रुपयाएवढं भोक, आज चहाच्या बशीएवढं. कडा मी चिकटपट्टीने वळवून घेते, टोचायला नको. अदिती काप पाहायला शेजारी येऊन उभी राहते. तयार झाल्यावर डायपर तपासून घेते: नाक लावते, बोट भोकातून घालते, मग हात वर करते, म्हणजे घाला. मोजून सांगते, एकशे ऐंशी मुलींत एवढी काळजीपूर्वक तपासणी करणारी एकही नव्हती. माझ्या हाताखालच्या बायकांत तर नाहीच.

शुक्रवार, २ जून

मी घाई केली. बशीवरून एकदम ताटलीवर गेले. तिने भोक पाहिलं, डायपर माझ्या मांडीवर ठेवलं आणि निघून गेली. रागावली नाही, ओरडली नाही. काम नाकारलं, एवढंच. संध्याकाळपर्यंत नाही.  ते सहा दिवस आठवले.

सरोजाबाईंना फोन केला. "एक पायरी मागें, अम्मा. ती तुम्हाला शिकवते आहे." पुन्हा बशीएवढं भोक.

सोमवार, ५ जून

चार वाजून वीस मिनिटं. कमोडवर. कमरेला पट्टा, बाकी काही नाही.

पाण्यात आवाज झाला तेव्हा ती दचकली, खाली वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे. डोळ्यांत. आठ आठवड्यांत पहिल्यांदा. मला आरडाओरडा करायचा नव्हता म्हणून मी ओठ घट्ट मिटून मान हलवली. तिनेही मान हलवली.

रुचिरा दाराबाहेर उभी होती. ती भिंतीला टेकून खाली बसली.

शुक्रवार, ९ जून

घरी चार दिवस नीट झालं, पण शाळेचं संडास वेगळं. परवानगी काढून आज अदितीला तिथे नेलं. मी आधीसारखी पाहणी केली नाही. माझ्या पाहणीचा उपयोग काय, मला वास येत नाही. तिलाच करू दिली. तिने दाराची चौकट हुंगली, नळ हुंगला, साबणाची वडी हुंगली, कोपऱ्यातला झाडू पाहिला आणि तो उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवून आली. मग आत गेली, दोन मिनिटं उभी राहिली, बाहेर आली. केलं काही नाही.

सरोजाबाईंनी झाडूची जागा बदलायला सांगितली. मुख्य बाई म्हणाल्या, "सोमवारी पाहू." सभ्यपणे म्हणाल्या, पण म्हणाल्या. यादीत पुढचं मूल आहे, त्याच्या आईलाही मी व्हरांड्यात बसलेली पाहिली. रुचिराच्याच वयाची. तिच्याकडे पाहवेना.

रुचिराचं हजर होण्याचं पत्र सोमवारचंच आहे. ती म्हणते, एक दिवस पुढे ढकलते. मी म्हटलं, नाही. तू जायचंस. अदितीबरोबर मी जाते. तिने माझ्याकडे पाहिलं. एप्रिलमध्ये मी हुकूम दिला असता, आज विचारलं. "जाऊ ना मी?"

"जा, आई," ती म्हणाली.

सोमवार, १२ जून

रुचिरा आठला गेली. निळा सलवार-कमीज, केस बांधलेले. जिन्यावरून दोनदा परत आली: एकदा पाण्याची बाटली राहिली म्हणून, एकदा काहीही राहिलं नव्हतं.

आम्ही नऊला शाळेत. डायपर नाही. पिशवीत दोन चड्ड्या आणि एक फ्रॉक जास्तीचा. अदिती वर्गात गेली आणि खिडकीजवळ ठोकळे लावत बसली. मुख्य बाई दोनदा येऊन पाहून गेल्या. दहा वाजले. साडेदहा वाजले. मी व्हरांड्यातल्या बाकावर. सरोजाबाई वर्गातून हाताने खूण करत होत्या, बसा. मी तीन वेळा उठले.

अकराला अदिती उठली. वर्गातून बाहेर आली, माझं बोट धरलं आणि मला ओढत संडासाकडे नेलं. दाराशी थांबली. चौकट हुंगली.  ती आत गेली. मी मागोमाग गेले, कारण फ्रॉकच्या मागच्या नाडीला तिचा हात पोचत नाही. नाडी सोडली. सरोजाबाईंनी इथेही ठेवलेला पाट जागेवर होता. मी तिथेच उभी राहिले, नेहमीसारखी.

अदिती वळली. दोन्ही तळवे माझ्या पोटावर टेकवले आणि मला ढकललं. चांगलं जोरात. एक पाऊल, दोन पावलं, उंबऱ्याबाहेर. मग दार लावून घेतलं. आतली कडी सरकल्याचा आवाज आला.

सरोजाबाई धावत आल्या. "आंत कडी लावली?"

"हो."

"हाक मारूं नका, अम्मा. थांबा."

आम्ही दोघी थांबलो. मुख्य बाई आल्या, त्याही थांबल्या. आत काही आवाज नाही. मग आवाज. नंतर पाण्याचा मग बादलीत बुडवल्याचा, आणि पाणी ओतल्याचा, एकदा, दोनदा, सात वेळा. पाणी उधळण्यात आईवर गेली आहे. कडी निघाली. अदिती बाहेर आली, फ्रॉक ओला, नाडी लोंबत असलेली. आमच्या तिघींमधून वाट काढत, कोणाकडे न पाहता, वर्गात गेली आणि ठोकळ्यांपाशी बसली.

मुख्य बाई म्हणाल्या, "फी ऑफिसात भरा. वेळ साडेआठची आहे, उद्यापासून उशीर नको."

समोरच्या दुकानातून रुचिराला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"आई? काय झालं?"

"झालं."

"काय झालं?"

"सगळं झालं. अकरा वाजून दहा मिनिटं. जागा पक्की."

 मग हळूच: "तुम्ही होतात ना तिच्याजवळ?"

"मी दाराबाहेर होते. तिने मला ढकलून बाहेर काढलं आणि आतून कडी लावली."

"तुम्हाला?"

"मला."

आणि रुचिरा हसायला लागली. आधी दाबून, मग दाबता येईना तशी, ऑफिसात, सगळ्यांसमोर. थांबेचना. दुकानदाराने माझ्या कानाजवळच्या फोनकडे पाहिलं. मी फोन जरा लांब धरला, पण ठेवला नाही. एवढं मोठ्याने हसते ती, मला माहीत नव्हतं.